गुडघ्याच्या उंचीवर

येफिममामा आधी झाड बघत नाही,
झाडाशी कोण थांबून गेलं ते बघतो.
बिकीनच्या काठावरचा हा वाकडा पाइन,
पोटाकडच्या सालीवर तेलकट काळा डाग.
नाक लावलं की लोण्यासारखा वास,
मग मुताचा, मग काहीच नाही.
"परवाचा," तो म्हणतो. "फार तर तेरवाचा."

चाळीस हिवाळे त्याने याच वाटांवर
सेबलच्या कातड्यासाठी फास लावले.
आता कॅमेरे लावतो, हिरवट, जेवणाच्या डब्याएवढे.
हात तेच. पट्टा खोडाभोवती आवळून
अजूनही गाठीवर थुंकायला जातो,
आणि मग आठवतं, बकल आहे.

मला काम एकच: बॅटऱ्या उबदार ठेवायच्या.
आतल्या खिशात, छातीशी, सोळा.
बाहेर उणे सव्वीस.
अंडी उबवणाऱ्या कोंबडीसारखी मी जपून चालते.

"किती उंच?"
"तुझ्या गुडघ्याएवढं. तिथून बरगड्या दिसतात."
तोंड उत्तरेला, नाहीतर दिवसभर
सूर्यच टिपत बसेल.
समोरची काडी न काडी मोडायची.
एक जरी वाऱ्याने हलली, तर दोन हजार फोटो, तिचेच.
गेल्या जूनमध्ये आम्ही
एका नेच्याचं अख्खं चरित्र घेऊन घरी आलो होतो.

दुसरा कॅमेरा समोर, पण जरा तिरका,
म्हणजे रात्री एकमेकांचे डोळे दिपवणार नाहीत.
दोन अशासाठी, की डाव्या कुशीचे पट्टे
उजव्या कुशीला ठाऊक नसतात.
एका बाजूने ओळखीची वाघीण
दुसऱ्या बाजूने परकी.
मामाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला,
"माझ्या बायकोचंही तसंच होतं."

इथे तिला अंबा म्हणतात, तेही हळू.
मामा तेवढंही म्हणत नाही,
नुसती हनुवटी जंगलाकडे करतो.
वाघ म्हणा, वाघोबा म्हणा,
ऐकू तिलाच जातं.

तारीख लावली, वेळ लावली.
दिवसा रंगीत, अंधारात राखाडी,
एका दमात तीन.
उरली चाचणी. कुणीतरी वाघ व्हायला हवं.

मामा टोपी काढून माझ्या हातात देतो.
बहात्तर वर्षांचा, बर्फात गुडघे टेकतो.
तळहात, गुडघा, तळहात,
मान खाली, खांदे आळीपाळीने वर.
मला हसू येणार होतं. आलं नाही.
मधेच थांबून तो मागे वळून बघतो.
कसं बघतो, ते मला सांगता येत नाही.
छोटा लाल दिवा लुकलुकतो: दिसलास.
उठताना हात मागतो, तोवर
पुन्हा म्हातारा झालेला असतो.

सहा आठवड्यांनी कार्ड, स्वयंपाकघरातल्या टेबलावर.
पहिल्या फोटोत मामा, चार पायांवर.
चौथ्यात मामा, मागे बघताना.
मग माझा बूट.
मग रानडुक्कर, रानडुक्कर, रानडुकराचं ढुंगण.
नुसता बर्फ, नऊ वेळा.
कशाने जाग आली, ते कॅमेऱ्यालाच माहीत.

आणि पहिल्याच रात्री, तीन वाजून चार मिनिटांनी, ती.
मामाच्या तळहाताच्या ठशात नाक.
पुढच्या फोटोतही तिथेच.
त्यापुढच्यात बसली आहे,
आणि मिशांवर बर्फाचे कण.
तीन वाजून पंचवीसला उठते,
जिथे तो थांबला होता तिथेच थांबते
आणि मागे वळून बघते.

डावी कूस. स्पष्ट, पट्टा न पट्टा.

"उजवी?" मामा विचारतो.
दुसऱ्या कॅमेऱ्याची बॅटरी तिसऱ्याच तासाला गेलेली.
बहुतेक खिशातली शेवटची,
ज्या बाजूची चेन नीट लागत नाही तिथली.
मी काही बोलत नाही.
तो चहा ढवळतो. साखर केव्हाच विरघळलेली.

"पुढच्या खेपेला," तो म्हणतो,
"तू रांग."